जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मावळ तालुक्यात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव दाभाडे येथील आपल्या अनेक घरांत एखादा तरी जुना संगणक असतो. कोणी कंपनीने विकायला काढलेला आणलेला असतो, कोणी हप्त्याने घेतलेला असतो, कोणाला कामावरच्या साहेबांनी दिलेला असतो. मुलीचा अभ्यास, मुलाचा प्रोजेक्ट, मंडळाच्या नोटिसा, बचत गटाचे हिशेब एवढी सगळी कामे त्या एका यंत्रावर चालतात. नवा घ्यायचा म्हटले तर दोन-तीन महिन्यांची मजुरी एका दिवसात जाते.

अशा घरात एके दिवशी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उमटते. अमुक डीएलएल सापडत नाही, किंवा अमुक लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही, असे काहीतरी तिच्यात लिहिलेले असते. संगणक उचलून दुकानात न्यावा तर दुकानदार मान हलवून सांगतो, "काका, हे मशीन आता संपलं. नवीनच घ्या." आणि काका बिचारे कर्जाचा विचार करू लागतात.

आमचे आपणास आग्रहाचे सांगणे आहे की, तो विचार करण्यापूर्वी थोडे थांबा. पुष्कळ वेळा यंत्र धडधाकट असते. भांडण असते ते आत राहणाऱ्या दोन आवृत्त्यांचे. ते भांडण कशाचे आणि ते कसे मिटवायचे, हे एकदा समजून घेतले तर घरातील दहावी-बारावीचे मूलसुद्धा ते मिटवू शकते.

समाजाची भांडी

संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. वस्तीत लग्नकार्य निघाले की समाजाची भांडी काढतात. मोठी पातेली, पराती, झारे ही भांडी सगळ्यांची मिळून असतात. प्रत्येक घराने शंभर माणसांच्या स्वयंपाकाची भांडी विकत घेऊन ठेवायची गरज नसते. संगणकातही तसेच आहे. अक्षर पडद्यावर काढणे, फाइल उघडणे, हिशेब करणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात. तेव्हा ती एकदाच लिहून सामायिक फायलींत ठेवलेली असतात. विंडोजमध्ये अशा फायलींना डीएलएल म्हणतात. अनेक प्रोग्राम त्या गरजेप्रमाणे वापरतात.

आता समजा, एका कार्याच्या वेळी कोणी जुने पातेले काढून त्या जागी दुसरे आणून ठेवले. ते चकचकीत आहे, पण त्याचे माप वेगळे आहे. पुढच्या घरचा आचारी जुन्या मापाने तांदूळ घालतो आणि भात करपतो. यात दोष आचाऱ्याचा नाही आणि पातेल्याचाही नाही. दोघांचा मेळ बसला नाही, एवढेच.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात हेच सर्रास घडत असे. नवा प्रोग्राम टाकला की तो सामायिक फाइलवर आपली प्रत टाकून मोकळा होई. कधी ती प्रत आधीच्यापेक्षा जुनी असे. मग कालपर्यंत चालणारा दुसराच प्रोग्राम बंद पडे. जाणकारांनी या प्रकाराला 'डीएलएल हेल', म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव दिले होते. विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फायलींवर पहारा बसविण्यात आला. कोणी त्या बदलल्या तर विंडोज आपली मूळ प्रत पुन्हा जागेवर आणू लागले. २००१ च्या एक्सपीमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे त्रास कमी झाला, पण संपला नाही.

मराठी अक्षरे का तुटतात?

हा प्रश्न आपल्या भाषेच्या अगदी जवळचा आहे. जुन्या संगणकावर मराठी मजकूर उघडला की कधी जोडाक्षरे सुटी होतात, कधी वेलांटी भलत्याच जागी जाते, तर कधी अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसतो. लोक म्हणतात, फॉन्ट बिघडला. खरे कारण अनेकदा आवृत्तीचे असते.

देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट जुळवून मांडण्याचे काम विंडोजमध्ये यूएसपी१० नावाची लायब्ररी करीत आली. ती विंडोज २००० आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या ५ व्या आवृत्तीच्या सुमारास आली. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विख्यात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. फॉन्ट अक्षरांचे आकार देतो आणि लायब्ररी त्यांची जुळणी करते. या दोघांचा मेळ बसला तरच मराठी शुद्ध दिसते.

ऑफिस २००३ हे पॅकेज यूएसपी१० ची स्वतःची वेगळी प्रत सोबत आणत असे. त्यामुळे एकाच एक्सपी संगणकावर तोच मजकूर वर्डमध्ये एक रूप घेई आणि नोटपॅडमध्ये दुसरे. असे दिसले तर घाबरू नये. आपली फाइल शाबूत आहे आणि दोन प्रोग्राम दोन प्रती वापरीत आहेत, हेच त्यावरून सिद्ध होते. फायरफॉक्स ब्राउझर तर 'हर्फबझ' नावाची आपली वेगळी लायब्ररी बरोबर बाळगतो. हे नाव फारसीवरून आले आहे. त्यातील 'हर्फ' म्हणजे अक्षर. आपल्या जुन्या मराठीतील 'हरफ' तोच. विंडोजची लायब्ररी जुनी असली तरी फायरफॉक्समध्ये मराठी नीट दिसते, त्याचे कारण हे आहे.

सह्याद्रीच्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' यांत फरक एका आडव्या रफाराचा आहे. आमच्या मावळच्या दऱ्यांचा समुद्र व्हायला जुनी लायब्ररी पुरेशी आहे! हा आडवा रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. मग यादीत नाव असूनही शोधल्यावर सापडत नाही. मंडळाची सभासद-यादी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि सर्वांनी एकच रीत पाळावी.

'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि ते त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आले. २००१ च्या एक्सपीबरोबर आलेल्या फॉन्टमध्ये ही दोन्ही असणे शक्यच नव्हते. म्हणून तेथे चौकोन दिसतो.

यावर लोक नवा फॉन्ट आणून टाकतात, पण तेथेही एक मेख आहे. फॉन्टच्या आत देवनागरीसाठी जुळणीची एक जुनी खूण असते आणि एक नवी. नवी खूण विंडोज व्हिस्टाच्या काळात आली. ज्या फॉन्टमध्ये फक्त नवी खूण आहे, तो एक्सपीच्या जुन्या लायब्ररीला कळत नाही आणि जोडाक्षरे सुटीच राहतात. नवा फॉन्ट चांगला असतो आणि जुना संगणकही चांगला असतो, तरी दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी दोन्ही खुणा असलेला फॉन्ट घ्यावा किंवा मजकूर फायरफॉक्समध्ये उघडावा.

एक्सपीवर मराठी मुळीच जुळत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडावे. तेथे लँग्वेजेस या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फायली टाकण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण करावी. विंडोजची सीडी मागितली जाते, ती जवळ ठेवावी.

निदान आधी, औषध मागून

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय सुई टोचत नाही. येथेही क्रम तोच ठेवावा.

पहिली गोष्ट, पडद्यावरील संदेश जसाच्या तसा वहीत उतरवावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. "काहीतरी एरर आला" एवढ्यावर कोणीही मदत करू शकत नाही. फाइलचे नाव आणि आकडा यांतच निम्मे उत्तर असते.

दुसरी गोष्ट, घरातील महत्त्वाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतरच सुरू करावी.

तिसरी गोष्ट, संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकाच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. लोक लायब्ररीला दोष देतात, पण दोष त्या स्वस्तातल्या बॅटरीचा असतो.

चौथी गोष्ट, दोष यंत्राचा की आवृत्तीचा, हे ओळखावे. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेत मेमरीच्या पट्टीचे संपर्क गंजतात. याची खूण सोपी आहे. आवृत्तीचे भांडण दर वेळी एकाच जागी, एकाच संदेशाने उभे राहते. यंत्राचा दोष आज येथे, उद्या तेथे असा फिरत राहतो. विंडोज व्हिस्टापासून मेमरी तपासण्याची सोय विंडोजमध्येच दिलेली आहे, ती वापरावी.

पाचवी गोष्ट, शेवटचा बदल कोणता झाला ते आठवावे. बिघाडाच्या आदल्या दिवशी घरात कोणी नवा प्रोग्राम किंवा खेळ टाकला होता काय? मुलांना रागावू नये, प्रेमाने विचारावे. रागावले तर खरे उत्तर मिळत नाही आणि दुरुस्ती लांबते.

३२ आणि ६४ यांचे कोडे

मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर अनेक दशके १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. आज तेथे २५,००० व्होल्टचा एसी आहे. रूळ तेच आणि घाटही तोच, परंतु केवळ डीसीसाठी बांधलेले इंजिन एसीच्या तारेखाली चालणार नाही. म्हणून मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने रेल्वेने वापरली. आपल्यापैकी ज्यांची हयात रेल्वेत गेली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

संगणकात ३२-बिट आणि ६४-बिट असा तसाच भेद आहे. ३२-बिट प्रोग्रामला ३२-बिट लायब्ररीच लागते. ६४-बिट विंडोजमध्ये दोन्हींसाठी वेगळे फोल्डर असतात, पण त्यांची नावे फसवी आहेत. 'सिस्टिम३२' नावाच्या फोल्डरमध्ये ६४-बिटच्या फायली असतात आणि ३२-बिटच्या फायली 'सिसवॉव६४' मध्ये असतात! नावावर विश्वासून कोणी चुकीच्या फोल्डरमध्ये फाइल टाकतो आणि मूळ दुखणे राहते बाजूला, नवेच उभे राहते. पडद्यावर शून्य-एक्सने सुरू होणारा आणि शेवटी सात-बी असलेला लांब आकडा आला तर बहुधा ३२ आणि ६४ ची सरमिसळ झाली आहे, असे समजावे.

सुटी डीएलएल फाइल कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नये. ती जुनी असू शकते, चुकीच्या जातीची असू शकते आणि तिच्यात व्हायरसही असू शकतो. रस्त्यावर सापडलेली गोळी आपण पोटात घेत नाही, तसेच हे आहे. फाइलच्या नावावरून तिचे पूर्ण पॅकेज ओळखावे. एमएसव्हीसीआर१०० मागत असेल तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ २०१० चे पॅकेज लागते. ११० मागत असेल तर २०१२ चे आणि १२० मागत असेल तर २०१३ चे लागते. व्हीसीरनटाइम१४० साठी २०१५ आणि त्यापुढील वर्षांचे एकत्रित पॅकेज असते. ही सर्व मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतात.

कंट्रोल पॅनेलच्या यादीत ही वर्षावर्षांची पॅकेजे ओळीने दिसतात. "एवढे कशाला? जुने काढून टाकू," असे म्हणून कोणी साफसफाई करू नये. त्या एकाच वस्तूच्या फालतू प्रती नाहीत. २००८ चे पॅकेज मागणारा प्रोग्राम २०१० च्या पॅकेजवर भागवून घेत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी कमांड खिडकी उघडून 'एसएफसी', मोकळी जागा, तिरकी रेघ, 'स्कॅननाऊ' असा आदेश इंग्रजी अक्षरांत द्यावा. संगणक स्वतःच फायली तपासून दुरुस्त करतो. त्यानेही भागले नाही तर सिस्टिम रिस्टोअरने बिघाडाच्या आधीच्या तारखेला परत जाता येते.

शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी

आपली मुले-मुली आता डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंगला जाऊ लागली आहेत. त्यांना पायथन शिकावे लागते. घरी विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही शेवटची आवृत्ती त्यावर चालते. ३.९ पासून पुढची चालत नाही. वर्गात नवी आवृत्ती आणि घरी जुनी, यामुळे मूल गोंधळते आणि "मला जमत नाही" असे म्हणू लागते. पालकांनी येथे जागे राहावे. मुलात काही कमी नसते, फरक आवृत्तीचा असतो.

दुसरे उदाहरण नमपाय या लायब्ररीचे घ्या. तिची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि १.० च्या पिढीसाठी तयार झालेले कित्येक जोडप्रोग्राम तिच्यावर चालेनासे झाले. यावर उपाय असा की, प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळी खोली करावी. पायथनमध्ये 'व्हेन्व्ह' नावाची सोय आहे. तिने प्रत्येक कामाच्या लायब्ररी स्वतंत्र राहतात आणि एकाची भांडी दुसऱ्याच्या चुलीवर जात नाहीत. प्रोजेक्ट चालू स्थितीत असतानाच 'पिप फ्रीझ' या आदेशाने सर्व लायब्ररींची आवृत्त्यांसह यादी काढून ठेवावी. पुढे काही बिघडले तर ती यादी कामाला येते.

काही वेळा मात्र उपाय नसतो. टेन्सरफ्लो या लायब्ररीच्या तयार प्रती २०१८ च्या १.६ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाची क्षमता मागतात. फार जुन्या प्रोसेसरमध्ये ती नसते. तेथे रात्र-रात्र जागून उपयोग नाही. तो अभ्यास कॉलेजच्या लॅबमध्ये करावा.

जुन्या फॉन्टमधील कागद वाचवा

आणखी एक काम तातडीचे आहे. १९९० च्या दशकापासून आपल्या मंडळांचे, पतसंस्थांचे, विहारांचे कितीतरी कागद पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीत किंवा पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या फॉन्टमध्ये टंकले गेले. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. फॉन्ट नसेल तर मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. सी-डॅकच्या एका 'योगेश' फॉन्टचेच 'डीव्ही' आणि 'डीव्हीबी' असे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या मांडण्या वेगळ्या आहेत. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला तर अक्षरे बदलतात.

म्हणून ज्या जुन्या संगणकावर हे कागद आज नीट दिसतात, तो फॉरमॅट करण्याची घाई कोणीही करू नये. आधी प्रत्येक फाइलची छापील प्रत किंवा पीडीएफ काढावी, फॉन्टचे पूर्ण नाव लिहून ठेवावे आणि मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा. त्यासाठी परिवर्तक प्रोग्राम मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. माणसांची नावे आणि आकडे एकाने वाचावेत व दुसऱ्याने ताडून पाहावेत. आपल्या आधीच्या पिढीने जे काम केले त्याचा पुरावा याच कागदांत आहे.

कुठे थांबावे?

जुने वापरावे, पण डोळसपणे. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० च्या नियमित सुधारणाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. टंकलेखन, हिशेब, शिकवणी यांसाठी तो खुशाल वापरावा.

इंटरनेट हवेच असेल तर लिनक्सचा विचार करावा, तो फुकट मिळतो. मात्र तेथेही ३२-बिटचे दिवस सरत आले आहेत. डेबियनची जून २०२३ ची १२ वी आवृत्ती ३२-बिट संगणकावर बसविता येते. ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ती सोय राहिली नाही. लिनक्समध्ये 'जीलिबसी' ही मूळ लायब्ररी असते. जुना प्रोग्राम नव्या जीलिबसीवर सहसा चालतो, पण नव्यासाठी बांधलेला प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर चालत नाही. तसा संदेश आला तर ती लायब्ररी हाताने बदलू नये, कारण सारा डोलारा तिच्यावर उभा असतो. आपल्या आवृत्तीच्या अधिकृत भांडारात त्या प्रोग्रामची जी प्रत असेल, तीच घ्यावी.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक घराने संगणकाशेजारी शंभर पानी वही ठेवावी. कोणता प्रोग्राम कोणत्या तारखेला टाकला, त्याची आवृत्ती कोणती आणि कोणता संदेश कशाने गेला, हे तिच्यात लिहावे. वस्तीतील दोन-तीन मुला-मुलींनी या वह्या एकमेकांना दाखवाव्यात. एका घरी सापडलेला उपाय दुसऱ्या घरी फुकट मिळेल, दुकानाची फेरी वाचेल आणि वाचलेले पैसे पोरांच्या फीला लागतील.